ओळख न दाखवण्याचा सौदा

मालवणच्या बाजारात सकाळी मासे घ्यायला गेले की मला ओळख न दाखवणारी माणसं भेटतात. एका पतपेढीतले साहेब आहेत. मी समोर दिसले की त्यांच्या मोबाइलवर हमखास काहीतरी महत्त्वाचं येतं. एक बाई आहेत. त्या मला पाहून नारळवाल्याकडे वळतात आणि नारळ कानाशी हलवून बघत बसतात. त्यांच्या परसात स्वतःचे माड आहेत. एक हॉटेलवाला तर एकदा बर्फाच्या टेम्पोमागे जाऊन उभा राहिला आणि मी सगळा बाजार आटपेपर्यंत तिथून हलला नाही.

या लोकांचं मी काही वाईट केलेलं नाही. उलट माझ्या खोलीत येऊन ही माणसं पुन्हा झोपायला शिकली, जेवायला शिकली, बायकोशी न ओरडता बोलायला शिकली. बरी झाली आणि मला विसरली. निदान तसं दाखवतात. याचा मला राग आहे आणि तो इथे झाकून ठेवायचा माझा विचार नाही.

मी प्रौढ माणसांवर मानसोपचार करते, मन आणि शरीर एकत्र धरून. पाटी लावली तेव्हा सुरुवातीला दोनच प्रकारचे लोक आले. एकांना मालिश हवं होतं, दुसऱ्यांना देवळात लावतात तसा कौल. मालिशवाल्यांना मी सांगितलं, मी हात लावत नाही. कौलवाल्यांना सांगितलं, मी उत्तर देत नाही. दोघांनीही मला एकच प्रश्न विचारला, "मगे पैसे कित्याचे घेतास?"

प्रश्न रास्त होता. माणूस बोलतो तेव्हा त्याचं फक्त तोंड बोलत नसतं. "माका काय्येक त्रास नाय" असं सांगणाऱ्याचा जबडा आवळलेला असतो, पायाची बोटं चपलेत मुडपलेली असतात. मी तिकडे लक्ष देते आणि त्यालाही द्यायला लावते. हे सांगताना पोटात काय होतंय, श्वास कुठवर जातो, पाय जमिनीला टेकलेत का. मग त्या जागेपाशी थांबायचं, घाई करायची नाही. तिथे काय साठलं आहे ते हळूहळू कळतं, कधी शब्दांतून, कधी नुसत्या थरथरण्यातून. एवढंच काम आहे. छातीत दुखतं म्हणून आलेल्याला मी आधी हृदय तपासून यायला सांगते. कुणाच्या चालू गोळ्या बंद करत नाही. मनाच्या नावाखाली एखाद्याचा खरा आजार दडवणं हा गुन्हा आहे, उपचार नव्हे.

याचं शिक्षण मी पुढे पुण्याला घेतलं. पदवी नोकरी सांभाळून, बाहेरून. पण माणसाचं अंग वाचायला मी किनाऱ्यावर शिकले. माझी आई मासे विकायची. होड्या लागल्या की वाळूत लिलाव व्हायचा, तेव्हा ती मला शेजारी उभी करायची आणि म्हणायची, "तोंडाकडे बघू नको गो, तोंड खोटा बोलता. खांद्याकडे बघ." ज्याला तो मासा हवाच असतो त्याचे खांदे वर चढतात, श्वास अडतो. ते दिसलं की आई भाव वाढवायची. आई स्वतः आवाज वाटेल तेवढा चढवायची, खांदे कधीच नाही. मी तिची विद्या उलटी वापरते. ज्याचे खांदे चढले त्याला मी सूट देते.

घासाघीस मात्र अंगात मुरलेली आहे. माझ्या खोलीत सगळं तिच्यावरच चालतं. देवगडकडचे एक आंबा बागायतदार पाठ धरून आले. एक्स-रेचे सगळे फोटो काढून झाले होते, मणके साफ होते. बसायच्या आधीच म्हणाले, "मी मन-बिन मानणंय नाय. पाठीचा काय ता बघा."

मी म्हटलं, "बरा. मन चपलांपाशी ठेवा भायर. जाताना घेवन जावा."

ते हसले आणि हसताना त्यांची पाठ खुर्चीला टेकली. खोलीत येऊन पहिल्यांदा. तिथून काम सुरू झालं. पुढे त्यांनी धाकट्या भावाशी बागेच्या हिश्श्यावरून धरलेला अबोला सोडला आणि आधार नसताना वाकू लागले. यात आधी काय झालं आणि नंतर काय, ते मला आजही सांगता येणार नाही.

आता सौद्याबद्दल. गाव लहान आहे. मोठ्या शहरात माणूस उपचाराला जातो आणि गर्दीत मिसळतो. इथे स्कूटर कुठे उभी आहे ते बघून लोक आजाराचं नाव ठरवतात. म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगते, "बाहेर भेटलो तर मी तुम्हाला ओळख दाखवणार नाही. तुम्ही आधी बोललात तर बोलेन, नाहीतर आपण अनोळखी." हा आमच्या व्यवसायाचा साधा नियम आहे आणि चांगला आहे. तो ऐकला की माणसांचे खांदे खाली येतात.

माझ्या शेजारी दंतवैद्याचा दवाखाना आहे. माझ्याकडे येणारे झाडून सगळे त्याच्या दारात गाडी लावतात. गावाला वाटतं, काय हात आहे या डॉक्टरचा, कायम गर्दी. पतपेढीच्या साहेबांची कवळी आहे असं त्यांच्या सुनेलाही वाटतं. दंतवैद्य भला माणूस आहे, दिवाळीला मला न चुकता फराळ पाठवतो. ते त्याचं कमिशन असावं.

सौदा मी ठरवला, अटी माझ्याच. पण त्याची किंमत मला नीट कळली नव्हती, आणि भावात फसणं मला आयुष्यात दुसऱ्या कुठे परवडलेलं नाही. लग्नांना आमंत्रण येतं, पण पंगतीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहते. जे माझ्याकडे येऊन गेले ते बसत नाहीत, कारण लोकांना कळेल. जे आले नाहीत ते बसत नाहीत, कारण लोकांना उगाच तसं वाटेल. आणि लांबून मी सगळ्यांची अंगं बघत राहते. तारकर्लीकडचा एक होडीवाला अर्ध्यावर यायचा थांबला. पर्यटकांना घेऊन जाताना जेट्टीवर दिसतो. त्याचा उजवा खांदा पुन्हा कानाला लागला आहे, रात्री पुन्हा दचकून उठत असणार. मला ते लांबून दिसतं. जाऊन "ये रे बाबा" म्हणायची सोय नाही. मी बघते आणि समोरच्या भाजीवालीकडची भेंडी निवडते.

घरी मी एकटी. लग्न टिकलं नाही, त्याची कथा इथे नको. ओट्यापाशी उभी राहूनच जेवते. एका माणसासाठी ताट वाढून बसायचं म्हणजे नाटक केल्यासारखं वाटतं.

अशात शालन आली. हे तिचं नाव नाही.

शालन खानावळ चालवते. तिच्या माशाच्या जेवणाचे व्हिडिओ लोक मोबाइलवर टाकतात, मुंबई-पुण्याच्या गाड्या रांगेत उभ्या असतात. पन्नाशीची, काटक, जिभेची तिखट. अख्ख्या मालवणात तिच्याइतकं ठसकेबाज मालवणी बोलणारी दुसरी बाई नसेल. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. येऊन बसली आणि गळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हयसर काटो आसा."

नवऱ्याच्या तेराव्यानंतर नणंद मासे घेऊन आली होती. घरात पुन्हा माशाचा वास सुटला की दुखवटा संपला, अशी त्यांच्याकडची रीत. पेडवे होते, बारीक काट्यांचे छोटे मासे. शालननेच साफ केले, शालननेच रांधले, सगळ्यांना वाढलं आणि शेवटी स्वतः बसली. पहिल्याच घासाला काटा अडकला.

"भाताचे गोळे गिळलंय, केळी गिळलंय. डॉक्टरान नळी घालून बघल्यान. कोणाक गावणा नाय. पण तो थयच आसा."

रिपोर्ट तिने आणले होते. घसा स्वच्छ होता. पण तिने मासा सोडला होता, मग भाकरी सोडली, आता पेजेवर होती. कालवणाची चवसुद्धा घेता येत नव्हती. मदतीला असलेल्या बायकांना ती बोट दाखवून मीठ-आमसूल घालायला सांगायची. मीठ कमी-जास्त होऊ लागलं होतं आणि गिऱ्हाईक काही बोललं नाही तरी ताटात उरलेलं कालवण बोलतं. खानावळ जाईल याची तिला भीती होती. त्याहून मोठी भीती होती ती लोकांना कळण्याची. मालवणात राहून घशात काटा अडकवून घेतला म्हणजे हसू.

मी तिला समजावलं की घशाचे स्नायू आवळून राहिले की नेमकं असंच टोचतं. काटा नसेल, पण टोचणं खरं आहे.

"म्हणजे मी येडी?"

"येडी असतंस तर पेजेर रवलं नसतंस. डोळे मीट."

"नाय मिटूचंय."

"बरा, उघडे ठेव. पण जमिनीकडे बघ."

"एक डोळो मिटतंय."

"चलात."

असे आम्ही एकेका श्वासावर भांडलो. मला वाटत होतं, हे न रडलेलं रडणं आहे. नवरा गेला, खानावळ सांभाळायची म्हणून बाई रडली नसणार. तसं मी एकदा सुचवलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"रडलंय मी. भरपूर रडलंय. माझा रडान झाला. तुमका व्हया तर तुमी रडा."

मी चिडले. ती उठून चालू लागली. दारापर्यंत गेली, चपला घातल्या, मग चपलांसकट परत येऊन बसली. रागाने तिचा श्वास पहिल्यांदा पोटापर्यंत गेला होता. मी ती संधी सोडली नाही. विचारलं, "जेवताना तुझ्या बाजूक कोण बसायचा?"

तिच्या मांडीवरचा उजवा हात हलायला लागला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होती. काहीतरी चिमटीत धरायचं, बाजूला ठेवायचं, पुन्हा धरायचं. ती स्वतः भिंतीकडे बघत होती. मी म्हटलं, "ही बोटा काय करतत?"

तिने खाली पाहिलं. मग बोलली ती मालवणी नव्हतीच.

"ही माझी न्हाईत. ही त्यांची बोटं हायेत."

शालन घाटावरची निघाली. कोल्हापूरकडच्या एका खेड्यातली, माळकऱ्याच्या घरातली. लग्न होऊन किनाऱ्यावर आली तेव्हा तिने मासा हातातही धरलेला नव्हता. घाटीण म्हणून सासरी हिणवलं गेलं तशी हट्टाने रांधायला शिकली, बोलायला शिकली, सगळ्या मालवणाला मागे टाकलं. एक गोष्ट मात्र तिला कधीच जमली नाही. काट्याचा मासा खायला. ती लहानपणी, जिभेची भीती जायच्या वयात, शिकायची गोष्ट आहे. खानावळ बंद झाल्यावर नवरा-बायको जेवायला बसायचे, तेव्हा तो तिच्या माशाचे काटे काढून द्यायचा. इतकी वर्षं, रोज. घरात कुणाला माहीत नव्हतं. गिऱ्हाइकांना तर ती घाटावरची आहे हेच माहीत नव्हतं, आणि घाटावरच्या बाईची मालवणी थाळी खायला कोण गाडी काढून येणार?

"ते गेल्यावर मला कोण शिकवणार व्हतं?" ती म्हणाली. "या वयात? कुणाला जाऊन सांगू, की मला मासा खायाला येत न्हाई?"

मी पुण्याला शिकलेलं सगळं त्या दिवशी बाजूला ठेवलं असं म्हणणार नाही, कारण तेच शिक्षण मला तिच्या बोटांपाशी घेऊन गेलं होतं. पण पुढच्या खेपेला मी डब्यात पेडवे तळून आणले.

खोलीत सतरंजी घातली आणि आम्ही मासे खायला बसलो. आधी पाय जमिनीला. श्वास सोडायचा, जबडा सैल. मग छोटा घास. दातांनी नाही, आधी जिभेने चाचपायचा. काटा लागला की घाबरून गिळायचं नाही, थांबायचं. जीभ त्याला ओठापर्यंत आणून सोडते, तिला येतं ते. पहिला घास तोंडात गेला तसं तिचं सगळं अंग लाकूड झालं. मी म्हटलं, थुंक. थुंकली. "आज एवढाच," मी म्हटलं. ती म्हणाली, "अर्धो अजून." घासाघीस तीही शिकली होती.

हे एका दिवसात झालं नाही. मध्येच पुन्हा टोचायचं, पुन्हा पेज. एकदा खरंच बारीक काटा लागला, तो तिनेच जिभेने काढला आणि बोटावर ठेवून मला असा दाखवला जणू मोती सापडला. तिच्यानंतर येणाऱ्या पतपेढीच्या साहेबांनी खोलीत पाऊल ठेवताच हुंगलं आणि विचारलं, "आज मनाक फोडणी दिल्यात काय?"

त्या दिवसांत मी वाट बघायचे, हे मला उशिरा कळलं. तिच्या येण्याची नव्हे, जेवायला कुणी समोर असण्याची. हे कळल्यावर मी सावध झाले. ती बरी होत होती आणि मी तिला माझ्या भुकेसाठी अडकवून ठेवणार नव्हते. ती एक अख्खा पेडवा खाऊन उठली आणि म्हणाली, "आता माका येवची गरज नाय मा?" मी म्हटलं, "नाय." ती दंतवैद्याच्या दारातून स्कूटर काढून गेली. डब्यात उरलेला मासा मी तिथेच उभ्याने खाल्ला.

बाजारात ती अर्थातच मला ओळखत नव्हती. सौदा पक्का होता.

मग यंदा गावात एक सत्काराचा कार्यक्रम झाला. कुणी केला ते सांगत नाही. आरोग्यसेवा करणाऱ्यांचा सत्कार होता. दंतवैद्याचा झाला, योगशिक्षिकेचा झाला, चष्मेवाल्याचाही झाला. मला छापील निमंत्रण होतं, टाळ्या वाजवायला. व्यासपीठावर बसलेल्यांपैकी दोघं माझ्या खोलीतल्या खुर्चीत बसून गेलेली. त्यातल्या एकाने भाषणात सांगितलं, आमचा कोकणी माणूस मनाने खंबीर, त्याला कसली मानसिक दुखणी नसतात. हे बोलताना त्याचा श्वास कुठे अडला ते मला तिसऱ्या रांगेतून दिसलं.

मी उठले. चहासाठीही थांबले नाही. भर दुपार, डोकं तापलेलं, पोटात काही नाही. पाय सरळ शालनच्या खानावळीकडे गेले. रस्ताभर मी स्वतःशी हिशेब घालत होते, की मी काही तिला भेटायला चालले नाही, मी गिऱ्हाईक आहे, नियम मोडत नाही. पण खरं सांगायचं तर मला बघायचं होतं. एका तरी माणसाने मला चारचौघांत ओळख दाखवावी, एवढंच हवं होतं. आणि ती मागायचा हक्क मी स्वतःच सोडून दिलेला होता. तिने तोंड फिरवलं असतं तर मी पुन्हा कुणाकडे ती मागितली नसती.

खानावळ भरलेली होती. कोपऱ्यातल्या टेबलावर जागा मिळाली. शालन ताटं वाढत फिरत होती. माझ्यापाशी आली, पाणी ठेवलं, नजर न उचलता विचारलं, "काय व्हया?"

"काय आसा?"

"इसवण, सरंगो. तारले आसत, पण ते काट्याचे, पावण्यांका जमनत नाय."

"माका तारले."

गेली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. संपलं, मी मनात म्हटलं, हाही भाव गेला.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात दोन ताटं होती. एक माझ्यापुढे ठेवलं, एक समोर, आणि खुर्ची ओढून बसली. भर गर्दीच्या वेळी मालकीण जेवायला बसलेली त्या खानावळीत कुणी पाहिली नव्हती. वाढणाऱ्या बायका थबकल्या. शेजारच्या टेबलावर तिचे रोजचे गिऱ्हाईक, एक रिक्षावाले काका बसले होते. त्यांनी विचारलं, "शालन, ह्या कोण गो? पावणी?"

"पावणी नाय," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने. "ह्येंनी माका मासो खावक शिकवल्यानी."

काका हसले. "तू सगळ्या मालवणाक भरवतंस, आणि तुका कोण शिकवतला?"

"घाटीण आसंय मी. तुमका म्हायत नव्हता?"

सगळ्या खानावळीला तो विनोद वाटला आणि लोक पुन्हा जेवायला लागले. तिचे खांदे खाली होते. मी पाहिलं.

आम्ही जेवायला लागलो. दिवाळी अंकासाठी लिहायचं आहे असं मी सांगितलं. म्हणाली, "माझा लिवा. पण मासो बदला. काटो खंयच्या माशाचो ता सांगलास तर लोक माका जन्मभर हसतले." मग त्यावर वाद झाला. मी इसवण म्हटलं, तर मोजक्या काट्यांच्या इसवणाचा काटा लागणं म्हणजे अधिकच लाजिरवाणं. शेवटी पेडव्यावर तडजोड झाली. तेव्हा वाचकांनी वर जिथे जिथे पेडवे वाचले, तिथे ते नव्हते एवढं समजावं.

बोलता बोलता तिची बोटं चालली होती. चिमटीत धरायचं, बाजूला ठेवायचं. आपला मासा संपवत असेल असं मला वाटलं. मग तिने हात लांब केला आणि साफ केलेला तारल्याचा तुकडा, एकही काटा नसलेला, माझ्या भातावर ठेवला.

मी मासेवालीची पोर. दात आले तेव्हापासून काट्याचे मासे खाते. मला काटे काढून द्यायची गरज आजवर कुणाला पडली नाही, आणि हे मी तिला चांगलंच सुनावणार होते. तोंडही उघडलं होतं.

उघडलंच होतं, तर खाल्लं.